होडीच्या गाडीचे वाटाडे

ज्या वाचकांचें बालपण कोंकण किनाऱ्यावर गेलें आहे त्यांनीं होडी वाळूवर ओढून आणण्याचा सोहळा पुष्कळदां पाहिला असेल. ओंडके आडवे टाकावयाचे, दहापांच माणसांनीं दोहों बाजूंनीं खांदा द्यावयाचा, एकानें आरोळी देऊन ताल धरावयाचा, आणि ती अवजड होडी वीतवीत करीत भरतीच्या रेषेपलीकडे न्यावयाची. होडी वांकडी जाऊं लागली कीं एखादा म्हातारा ओरडतो व त्या बाजूचीं चार माणसें जोर लावून तिला पुन्हा सरळ करतात. तेथें होडीला वाट दाखविणारे असतात ते माणसांचे हात. परंतु जेथें हेंच काम एका माणसानें एका मोटारीच्या साह्यानें उरकावयाचें असतें, तेथें त्या हातांची जागा कोण घेतें? आमच्या जुन्या शाळेच्या या वार्षिकांत त्याचीच हकीकत सांगण्याचें आम्हीं योजिलें आहे. विषय लहान आहे खरा, पण त्यानें आम्हांस एकदां चांगलाच धडा दिलेला आहे.

आम्ही सध्यां अमेरिकेंतील मिनेसोटा राज्यांत राहतों. तेथील मोटारींच्या नंबरपट्टीवर ‘दहा हजार सरोवरें’ असे शब्द असतात. वस्तुतः दहा एकर वा त्याहून मोठीं तेवढींच सरोवरें मोजलीं तरी तीं ११,८४२ भरतात. हिवाळ्यांत त्यांच्यावर बर्फाचा असा जाड थर धरतो कीं लोक त्यावरून मोटारी हांकतात. अर्थात् होडी बारा महिने पाण्यांत ठेवण्याची सोय नाहीं. म्हणून पुष्कळ लोक आपली होडी घराच्या अंगणांत, चाकांच्या गाडीवर चढवून ठेवतात. उन्हाळा आला कीं ती गाडी मोटारीस जोडावयाची, आवडेल त्या सरोवरावर जावयाचें, आणि सायंकाळीं होडी पुन्हा गाडीवर घेऊन घरीं परतावयाचें. या गाडीस ट्रेलर म्हणतात.

ट्रेलरची रचना साधी आहे. पोलादी नळ्यांची एक लांबट चौकट, तिच्याखालीं एक आंस व दोन चाकें, आणि चौकटीवर होडीच्या तळास आधार देणाऱ्या, जाड गालिचा गुंडाळलेल्या दोन लांब फळ्या. कित्येक गाड्यांत फळ्यांऐवजीं रबरी रूळ असतात. पुढच्या टोंकास एक उभा खांब, त्यावर होडीचें नाक टेकण्याचा रबरी ठोकळा, व दांडा फिरवून पट्टा गुंडाळण्याचें एक लहान यंत्र. सरोवराच्या कांठीं पाण्यांत उतरत जाणारा काँक्रीटचा उतार बांधलेला असतो. मोटार उलटी चालवून ट्रेलर त्या उतारावरून पाण्यांत बुडवावयाचा, तरंगती होडी त्याच्यावर आणावयाची, नाकाच्या कडीस पट्टा अडकवून ती पुढें ओढून घ्यावयाची, व मोटार हळूहळू वर काढावयाची. पाणी ओसरतें आणि होडी फळ्यांवर बसते.

वाचतांना हें जितकें सोपें वाटतें तितकें तें नाहीं. पहिली अडचण ही कीं, ज्याच्यावर होडी बसवावयाची तो ट्रेलर पाण्याखालीं दिसेनासा झालेला असतो. विशेषतः पाणी गढूळ असलें म्हणजे फळ्या कोठें आहेत हें केवळ अदमासानें ओळखावें लागतें. दुसरी अडचण वाऱ्याची. मंद चालणाऱ्या होडीस सुकाणूचा उपयोग जवळजवळ नसतो, आणि तिच्या उंच बाजूवर वारा मात्र पूर्ण जोरानें आदळतो. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला तर त्याचा दाब चौपट होतो, हा नियम वरच्या वर्गांतील विद्यार्थ्यांस ठाऊक असेलच. सकाळीं ताशीं ८ मैल असलेला वारा दुपारीं १६ मैल झाला, तर सकाळीं हातानें आवरणारी होडी दुपारीं आवरत नाहीं. तिसरी अडचण आम्हांस सर्वांत उशिरां समजली. पट्टा होडीच्या नाकास बांधलेला असल्यामुळें नाक जागच्या जागीं राहतें, परंतु मागची बाजू मोकळीच असते. ती दाराप्रमाणें नाकाभोवतीं फिरते. मग मोटार वर काढली कीं होडी एका फळीवर पूर्ण व दुसरीवर अर्धवट अशी तिरपी बसते. तशीच ती घेऊन रस्त्यावर गेलें तर एका चाकावर अधिक भार येतो, आणि वेग वाढतांच ट्रेलर मोटारीमागें सापासारखा वळवळूं लागतो. यांतून मोठे अपघात होतात.

हें टाळण्यासाठीं ट्रेलरच्या मागील भागीं दोहों बाजूंस एकेक उभा खांब बसवितात. यास इंग्रजींत ‘गाइड पोस्ट’ म्हणतात. आम्ही त्यांस वाटाडे म्हणूं.

इ. स. २०१८ मध्यें आम्हीं १७ फुटी एक जुनी होडी ट्रेलरसह विकत घेतली. तिला वाटाडे नव्हते. पहिला उन्हाळा होडी तिरपी बसविण्यांत व पुन्हा पाण्यांत सोडण्यांतच गेला. दुसऱ्या वर्षीं दुकानांत गेलों, दोन उंचीचे खांब दिसले, एक ४० इंची व एक ६० इंची. लहान ते स्वस्त होते. अंगणांत होडीशेजारीं धरून पाहिले तों होडीच्या कांठापेक्षां १० इंच उंच भरले. आणखी काय पाहिजे, असें म्हणून एका संध्याकाळींच ते बसवून टाकले. शांत पाण्यांत दोनतीन वेळां होडी त्यांच्यामधून सुरळीत आली, त्यामुळें आमचा आत्मविश्वास वाढला.

त्याच वर्षीं, म्हणजे २०१९ च्या जून महिन्यांत, आम्ही सहकुटुंब मिल लॅक्स सरोवरावर गेलों. मिनीॲपोलिस शहराच्या उत्तरेस सुमारें १०० मैलांवर हें सरोवर आहे. विस्तार सुमारें २०० चौरस मैल, पण खोली कोठेंही फारशी ४२ फुटांपलीकडे नाहीं. असें उथळ व मोकळें पाणी वाऱ्यानें फार लवकर खवळतें. आम्ही पूर्व किनाऱ्यावर होतों. तिसऱ्या प्रहरीं दक्षिणेचा वारा सुटला, म्हणजे आमच्या उतारास तो नेमका आडवा होता. आमच्यामागें आणखी चारपांच मोटारी खोळंबल्या होत्या व आम्हांस त्यांची लाज वाटत होती. घाईनें आम्हीं पट्टा लावला आणि दांडा फिरवूं लागलों. तोंच एक लाट मागून आली, होडीची मागची बाजू उचलली गेली, वाऱ्यानें ती आडवी सरकली, आणि लाट खालीं जातांच होडीचा कांठ उजव्या वाटाड्याच्या डोक्यावर येऊन टेकला. आमचा मुलगा त्या वेळीं अकरा वर्षांचा होता. तो गुडघाभर पाण्यांत उभा होता. “बाबा, मी ढकलतों,” असें म्हणून त्यानें खांब व होडी यांच्यामध्यें हात घातला. आम्ही नको म्हणेपर्यंत दुसरी लाट आली.

दोन बोटांचीं नखें गेलीं, हाडें वांचलीं. होडीच्या कांठास हातभर चीर पडली, तिचें दुःख त्या दिवशीं कोणासच झालें नाहीं. मुलाची आई परततांना शंभर मैल आमच्याशीं एक शब्द बोलली नाहीं.

आमच्या शेजारीं एक वृद्ध गृहस्थ राहतात. त्यांचा जन्म या सरोवरांवरच गेला आहे. त्यांनीं दुसऱ्या दिवशीं आमचा ट्रेलर निरखून पाहिला व विचारलें, “हे खांब तुम्हीं कशासाठीं बसविले?” आम्हीं म्हटलें, “होडी बाहेर जातां कामा नये म्हणून, तिला अडविण्यासाठीं.” ते म्हणाले, “होडी अडविण्याची ताकद यांच्यांत नाहीं. पाण्याखालीं काय आहे तें हे तुम्हांला दाखवितात. तुमचे तर पाण्यांत दिसतच नाहींत.” मग त्यांनीं एक पेन्सिल मागून घेतली आणि आमच्याकडून जो हिशेब करून घेतला तो वाचकांपुढें मांडतों, कारण तो केला असता तर पुढचें कांहींच झालें नसतें.

होडी पाण्यावर तरंगते ती सपाट. ट्रेलर मात्र उतारामुळें तिरपा असतो. अशा उतारांचा ढाळ बहुधा १०० फुटांस १२ ते १५ फूट असतो, म्हणजे अजमासें ७ फुटांस १ फूट. आमच्या होडीच्या नाकापासून वाटाड्यापर्यंतचें अंतर १४ फूट. तेव्हां नाक पुढच्या ठोकळ्यापाशीं असतां, मागें वाटाड्यापाशीं चौकट होडीच्या तळापासून २ फूट, म्हणजे २४ इंच, खालीं गेलेली असूं शकते. अंगणांत चौकटीपासून होडीच्या कांठापर्यंत उंची ३० इंच. तींत हे २४ मिळवा. ५४ इंच झाले. वर लाटेसाठीं कांहीं शिल्लक पाहिजे. आणि आमचे खांब होते ४० इंची! जमिनीवर जे कांठाच्या १० इंच वर दिसत होते, ते पाण्यांत अशा वेळीं कांठाच्या १४ इंच खालीं जात होते. उंच वाटाड्यावरून होडी घासून परत मध्यें येते; ठेंगण्या वाटाड्यावर ती स्वार होते. ठेंगणा वाटाड्या असण्यापेक्षां नसलेला बरा, असें आमचें आतां ठाम मत झालें आहे.

उंची ठरली कीं पुढें द्रव्य. खांब आंतून पोलादी व जस्ताचा मुलामा दिलेला असतो, आणि त्यावर पी. व्ही. सी. ची पांढरी नळी सैल बसविलेली असते. ही नळी केवळ शोभेची नाहीं. होडी लागली कीं ती आपल्याभोवतीं फिरते व त्यामुळें होडीचा रंग खरवडत नाहीं. शिवाय पांढरा रंग संधिप्रकाशांतही दिसतो. नळीस वर टोपण व खालीं पाणी निथळण्यास भोंक पाहिजे. भोंक नसेल तर आंत सांचलेलें पाणी थंडीत गोठतें, फुगतें व नळी फोडतें. जेथें खाऱ्या पाण्याशीं संबंध आहे तेथें मुलाम्याच्या पोलादावरही फार विसंबूं नये. प्रत्येक खेपेस गोड्या पाण्यानें धुवावें, हाच त्यावरचा उपाय. ट्रेलरची चौकट ॲल्युमिनियमची असेल तर खांबही त्याच धातूचे घ्यावे, कारण दोन भिन्न धातू ओल्या मिठांत एकमेकांस लागून राहिल्या कीं त्यांतील एक झपाट्यानें झिजूं लागते. कित्येक खांबांच्या डोक्यावर मागील दिवे बसविण्याची सोय असते. ही आम्हांस फार आवडली, कारण दिवे पाण्याबाहेर राहतात आणि मागून येणाऱ्यास उंचावर दिसतात.

उभ्या खांबांऐवजीं गालिचा गुंडाळलेल्या आडव्या फळ्या होडीच्या दोहों कुशींस लावण्याचीही एक रीत आहे. वाहत्या नदींत त्या अधिक उपयोगी, कारण त्या होडीस लांबवर धरून ठेवतात. मात्र त्या पाण्याखालीं जातात व दिसत नाहींत. कांहीं लोक दोन्ही लावतात.

आतां जागा. वाटाडे ट्रेलरच्या शक्य तितक्या मागें, चाकांच्या मागल्या बाजूस असावे. होडी शिरते ती नाकाकडून, म्हणजे तिच्या अरुंद टोंकाकडून; त्या वेळीं दोहों बाजूंस भरपूर जागा असते. ती जसजशी पुढें येते तसतशी रुंद होत जाते व आपोआप मधोमध येते. शेवटीं तिची मोकळी मागची बाजू, जी वाऱ्यानें फिरते, तीच नेमकी दोन खांबांच्यामध्यें सांपडते. खांब पुढें बसविले तर हा सारा फायदा बुडतो.

मोजमाप घेतांना प्रथम ट्रेलर सपाट जमिनीवर उभा करून होडी त्याच्यावर अगदीं सरळ बसलेली आहे याची खात्री करावी. पहिल्या वेळीं आम्हीं मोज ट्रेलरच्या मध्यरेषेपासून घेतलें होतें, आणि होडीच मुळीं इंचभर डावीकडे बसलेली होती! होडी सरळ झाली कीं तिच्या सर्वांत रुंद कांठावरून गवंडी वापरतात तसा ओळंबा सोडावा व खालीं चौकटीजवळ खूण करावी. खांबाची आंतली बाजू त्या खुणेपासून प्रत्येकीं दीड इंच बाहेर ठेवावी. फट नसेल तर रस्त्यावरील हादऱ्यानें नळी होडीस सारखी घासत राहील. फट तीन-चार इंच ठेवली तर होडी तिरपी बसण्यास तेवढी पुरते. आमच्या होडीची रुंदी ८८ इंच. दोन फटींचे ३ व दोन नळ्यांचे ५ मिळून बाहेरून बाहेर ९६ इंच, म्हणजे बरोबर ८ फूट झाले. अमेरिकेंत बहुतेक ठिकाणीं रस्त्यावरील वाहनाची रुंदी ८ फूट ६ इंचांहून अधिक असूं देत नाहींत. तेव्हां फार रुंद होडी असणारानें ही बेरीज खरेदीपूर्वींच करावी.

बसविण्याचें काम दोन पान्यांनीं होतें. खांबाचा खालचा भाग काटकोनांत वळलेला असतो. तो आडवा भाग चौकटीच्या नळीखालीं धरून, इंग्रजी ‘यू’ अक्षराच्या आकाराच्या बोल्टांनीं व एका जाड पट्टीनें आवळावयाचा. चौकटीस भोंक पाडूं नये. त्यानें नळी कमकुवत होते व गंज आंत शिरतो. चौकटीच्या कडेनें दिव्यांच्या तारा व कधीं ब्रेकची नळी गेलेली असते, ती बोल्टाखालीं चिरडणार नाहीं हें हातानें चांचपून पाहावें. नट एकदम एकच पक्का न करतां आळीपाळीनें थोडे थोडे आवळावे. हें आवळणें किती महत्त्वाचें आहे हें तरफेच्या नियमावरून समजेल. खांब ५ फूट, म्हणजे ६० इंच उंच. त्यास खालीं धरून ठेवणारी चौकट ३ इंच रुंद. प्रमाण वीसास एक. डोक्यावर होडीनें केवळ ४० पौंडांचा रेटा दिला तरी खालीं बोल्टांवर सुमारें ८०० पौंडांचा ताण पडतो. म्हणून बोल्ट जाड घ्यावे, दोन घ्यावे, आणि पहिल्या प्रवासानंतर ते पुन्हा एकदां आवळावे. पहिल्या खेपेस ते हटकून थोडे सैल होतात. याच कारणास्तव होडी कधींही वाटाड्यास बांधूं नये. रस्त्यावर होडी धरून ठेवण्याचें काम पुढचा पट्टा व मागचे दोन पट्टे करतात.

वाटाडे होडी नसतांनाही उपयोगी पडतात, हें आम्हांस आधीं सुचलें नव्हतें. रिकामा ट्रेलर ठेंगणा असतो. उलटा नेतांना तो आरशांत दिसतच नाहीं, आणि दिसतो तेव्हां आडवा झालेला असतो. आतां दोन्ही आरशांत एकेक पांढरा खांब दिसतो. दोन्ही सारखे दिसले कीं ट्रेलर सरळ. एक मोठा दिसूं लागला कीं त्या बाजूस वळला. नवशिक्यानें सुकाणूचक्र खालच्या बाजूस धरावें आणि ट्रेलर जिकडे न्यावयाचा तिकडे हात न्यावा, म्हणजे गोंधळ होत नाहीं. तसेंच ट्रेलर फार खोल नेऊं नये. चाकांवरील पत्रा पाण्याशीं सपाट झाला कीं बहुधा पुरे. त्याहून खोल गेल्यास होडी फळ्यांना न टेकतां अधांतरीं राहते व लाटेसरशी हेलकावते. मग सगळा भार बिचाऱ्या वाटाड्यांवर पडतो.

आम्हीं त्याच उन्हाळ्यांत ६० इंची खांब बसविले. गेल्या हिवाळ्यांत त्यांपैकीं एकाची नळी फुटली. खालचें भोंक चिखलानें बुजलें होतें, तें साफ करण्याचें राहून गेलें. बाकी ते ठीक आहेत. मिल लॅक्सवरही पुन्हा जाणें झालें, आणि तोच दक्षिणेचा वारा पुन्हा भेटला. होडी उजव्या खांबास लागली, नळी गरकन् फिरली, व होडी मध्यें आली. मागें मोटारी खोळंबल्या होत्या. त्यांस आम्हीं खोळंबूं दिलें. आमचा मुलगा आतां आमच्याहून उंच झाला आहे. होडी वर घेतांना तो पाण्यांत उतरत नाहीं, धक्क्यावर, आम्हांस दिसेल अशा जागीं, दोन्ही हात खिशांत घालून उभा राहतो आणि तोंडानेंच सांगतो, “बाबा, थोडें डावीकडे.”